कामाच्या कुत्र्याचा विमा: कंपनी शोधण्याआधी फॉर्मवरचा 'वापर' हा रकाना बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण याच खड्ड्यात मी पण पडून आलोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, तुमच्याकडे दोन कुत्री आहेत, चार वर्षांचा मॅलिनॉइज नर, जो रात्री हँडलरबरोबर (कामावर कुत्रा सांभाळणारा माणूस) गोदामाच्या आवारात गस्त घालतो, आणि सात वर्षांची लॅब्रेडॉर, म्हणजे लॅब, मादी, वासावरून शोधकाम करणारी. दोघांची पेट पॉलिसी होती, तीन वर्षं हप्ते वेळेवर भरले. मॅलिनॉइजने गस्तीवर पत्र्याच्या कुंपणावरून उडी मारली, पुढच्या पायाचा टेंडन कापला, ऑपरेशन झालं, आणि कंपनीने एका ओळीचं पत्र पाठवून क्लेम नाकारला, की कुत्रा त्यावेळी 'व्यावसायिक वापरात' होता. आता तुम्ही विचारताय की कामाची कुत्री घेणारी कंपनी कोणती, आणि मुळात या भानगडीत पडावं का.

मी आधी हँडलर होतो, मग ट्रेनर झालो, आता बरीच वर्षं स्वतःचं केनल चालवतो. आमची कुत्री सिक्युरिटीला असतात, शोधकामाला असतात, आणि दोन मेंढ्यांच्या कळपावर आहेत. विमा एजंट नाही, कोणाचं कमिशन खात नाही, पण क्लेमचे फॉर्म एवढे भरलेत की काही प्रश्नांची उत्तरं झोपेत देईन. तेव्हा जे माहितीये ते सांगतो.

कंपनीचं नाव मात्र सांगणार नाही, आणि त्याचं कारण लपवाछपवी नाहीये. एकच कंपनी एका देशात कामाची कुत्री घेते आणि शेजारच्या देशात घेत नाही, यावर्षी घेते आणि पुढच्या वर्षी तोच विभाग बंद करते. शिवाय कुत्रा कोणाच्या नावावर आहे (तुमच्या, फर्मच्या, की हँडलरच्या), काम चावण्याचं आहे की नुसतं हुंगण्याचं, वय काय, हे सगळं बदललं की उत्तर बदलतं. आज मी नाव दिलं तर उद्या तुम्ही फोन करणार आणि समोरचा म्हणणार आमच्याकडे असं काही नसतं.

आता तुमची खरी अडचण. कंपनीने तुम्हाला फसवलं असं तुम्हाला वाटतंय, आणि राग येणं साहजिक आहे, पण पत्र परत वाचा. तुम्ही घरात सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याचा विमा विकत घेतला होता आणि तो कामावर पाठवलात. पेट पॉलिसीच्या बारीक अक्षरांत जवळजवळ नेहमी एक ओळ असते की गार्ड, सुरक्षा, रेसिंग, शिकार, भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर, यातलं काही चालू असताना झालेल्या इजेचे पैसे आम्ही देणार नाही. कधी ही ओळ फक्त 'काम करत असताना' झालेल्या इजेपुरती असते, कधी मात्र अशी असते की असा वापर होत असलेला कुत्रा मुळात या पॉलिसीत बसतच नाही, म्हणजे घरी जिन्यावरून पडला तरी शून्य. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुमच्याकडे कुठलं आहे ते आधी बघा, कारण लॅबची पॉलिसी अजून चालू आहे ना? ती पण तशीच असेल तर तुम्ही आज, आत्ता, बिनविम्याच्या कुत्रीचे हप्ते भरताय.

हे असं का असतं ते कळलं की शोधायला सोपं जातं, म्हणून जरा मागे जातो. जनावरांचा विमा सुरू झाला तो घोडे आणि गुरांपासून. स्वीडनमध्ये १८९० साली तशी कंपनी निघाली, आणि कुत्र्याचा विमा तिथे १९२४ साली आला. तेव्हापासून विम्याच्या ऑफिसात दोन टेबलं झाली असं समजा. एका टेबलावर जनावर म्हणजे किंमत असलेली मालमत्ता, मेलं किंवा चोरीला गेलं तर किंमत भरून द्यायची, दवाखान्याचं त्यांना विशेष देणंघेणं नाही. दुसऱ्या टेबलावर कुत्रा म्हणजे घरातला मेंबर, त्याचा दवाखाना महत्त्वाचा, किंमत नाममात्र. तुमचा मॅलिनॉइज धड या टेबलावर नाही धड त्या. त्याचा दवाखाना पण महागडा आणि त्याची किंमत पण मोठी, आणि वर तो रात्री अंधारात पत्र्यांवरून उड्या मारतो. फोनवर जो मुलगा बोलतो त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर जात, वय आणि पत्ता एवढेच रकाने असतात, म्हणून तो एकतर नाही म्हणतो नाहीतर, आणि हे जास्त वाईट, 'हो सर चालेल' म्हणतो.

म्हणून 'कामाच्या कुत्र्याचा विमा' नावाची एकच पॉलिसी शोधू नका. नुकसान चार वेगवेगळ्या ठिकाणी होतं: कुत्र्याने दुसऱ्याचं काही केलं, कुत्र्याचा दवाखाना, कुत्रा मेला किंवा चोरीला गेला, आणि कुत्रा जिवंत आहे पण कामाचा राहिला नाही. बहुतेक वेळा ही चार नुकसानं दोन किंवा तीन वेगळ्या पॉलिसींत जाऊन बसतात. लोक दवाखान्यापासून सुरुवात करतात कारण बिल समोर दिसतं. मी उलटं सांगतो.

सगळ्यात आधी दुसऱ्याचं नुकसान, म्हणजे लायबिलिटी. टेंडनचं ऑपरेशन महाग होतं, मान्य, पण तुम्ही ते भरलंत आणि अजून उभे आहात. मॅलिनॉइजने उद्या गेटवर चुकीच्या माणसाला, समजा ट्रकच्या क्लीनरला धरलं आणि त्याचा हात कायमचा गेला, तर तो आकडा कुठे थांबेल सांगता येत नाही. ट्रीटमेंटच्या बिलाला काहीतरी वरची मर्यादा असते हो, याला नसते. आणि गंमत अशी की धंद्याची पब्लिक लायबिलिटी पॉलिसी तुमच्याकडे असणारच, गोदामवाल्याने कॉन्ट्रॅक्टच्या वेळी मागितली असणार, पण त्यात प्राण्यांबद्दल काय लिहिलंय ते कोणी बघत नाही. तीन प्रकार दिसतात. काहींत प्राणी सरळ वगळलेले असतात. काहींत अवाक्षर नसतं, आणि मग क्लेमच्या वेळी भांडण. आणि काहींत कुत्री आहेत पण चावण्याचं ट्रेनिंग दिलेली वगळलेली आहेत, जे तुमच्यासाठी वगळल्यासारखंच. तुम्हाला पाहिजे एक एन्डॉर्समेंट, पॉलिसीला जोडलेला कागद, ज्यात लिहिलंय की अमुक इतकी संरक्षणाचं ट्रेनिंग दिलेली कुत्री हँडलरच्या ताब्यात असताना या कव्हरमध्ये आहेत. 'हँडलरच्या ताब्यात' या शब्दांकडे पण लक्ष द्या, कारण त्याचा अर्थ कुत्रा आवारात मोकळा सोडून हँडलर चहाला गेला तर कव्हर गेलं.

यातच दोन उपकलमं, पटकन. हँडलर तुमचा पगारी माणूस असेल आणि कुत्रा त्यालाच चावला तर ते पब्लिक लायबिलिटीत येत नाही, ते कामगारांच्या नुकसानभरपाईच्या विम्यात येतं. आणि लॅबने एखादी गोष्ट हुंगायची सोडली, म्हणजे माल आत गेला आणि क्लायंटचं नुकसान झालं, तर ते त्याहून वेगळं, ती तुमच्या कामातली चूक, त्याला प्रोफेशनल इंडेम्निटी लागते. शोधकामवाले याचा विचारच करत नाहीत.

आता दवाखाना. इथे तुमच्यासारख्या कुत्र्यांना नेमकं काय होतं ते बघून मग पॉलिसी वाचायची. माझ्या अनुभवात गस्तीच्या आणि शोधकामाच्या कुत्र्यांची बिलं येतात ती फाटलेल्या पंजांची, तुटलेल्या दातांची (सरावाला माणूस हातावर जी जाड बाही घालतो ती चावून चावून सुळे झिजतात आणि एक दिवस तुटतात), गुडघ्याच्या लिगामेंटची, कमरेच्या शेवटच्या मणक्याची, उन्हाच्या झटक्याची, आणि खोल छातीच्या जातींत पोटाला पीळ पडण्याची. पीळ म्हणजे काही तासांत ऑपरेशन, नाहीतर कुत्रा जातो. ही यादी हातात धरा आणि पॉलिसीत एकेक शोधा. दात बऱ्याच ठिकाणी फक्त 'अपघाताने तुटल्यास' असतो, झिजून तुटला तर नाही. उन्हाच्या झटक्याला 'योग्य काळजी' नावाचं कलम आडवं येतं, भर दुपारी बंद गाडीत ठेवलात तर पैसे विसरा.

लिगामेंटचं जरा सविस्तर सांगतो कारण इथे सगळ्यात जास्त लोक आपटतात. एका गुडघ्याचा गेला की पुढे दुसऱ्याचाही जातो असं जवळजवळ निम्म्या कुत्र्यांत होतं, आणि कंपन्यांना ते पक्कं माहिती असतं, म्हणून 'दोन्ही बाजूंचं' कलम असतं: डाव्या पायाचा त्रास पॉलिसीच्या आधीचा असेल तर उजव्या पायाचा पण आधीचाच धरणार. माझ्याकडे एक जर्मन शेफर्ड होती. लसीला नेली तेव्हा सहज डॉक्टरांना बोललो की परवा जरा डावा मागचा पाय आखडून चालत होती, आता ठीक आहे. डॉक्टरांनी बघितलं, काही सापडलं नाही, आणि कार्डावर लिहिलं 'डावा मागचा, किंचित लंगड, मालकाच्या सांगण्यानुसार'. बास. त्यानंतर दोन महिन्यांनी मी पॉलिसी घेतली, दीड वर्षाने उजवा लिगामेंट गेला, कंपनीने दवाखान्याचे सगळे जुने कागद मागवले आणि ती एक ओळ पेनने गोल करून परत पाठवली. उजवा पाय हो! डावा आजपर्यंत ठणठणीत होता.

यातून डॉक्टरांपासून गोष्टी लपवायला शिकू नका, कुत्र्याचा जीव जाईल. शिकायचं ते हे, की पॉलिसी कुत्रा लहान आणि कोरा असताना घ्यायची, आणि घेण्याआधी दवाखान्यातून स्वतःच्या कुत्र्याचे पूर्ण कागद मागवून एकदा वाचायचे. असली काही मोघम ओळ असेल तर डॉक्टरांना परत तपासायला सांगा आणि तपासून काही नाही निघालं तर तसं तारखेनिशी लिहून घ्या. मॅलिनॉइजचा कापलेला पाय आता तुमच्या कागदांत कायमचा आहे, नवीन कंपनी तो पाय वगळणार हे गृहीत धरा. पण वगळणं कायमचं असलंच पाहिजे असं नाही, काही ठिकाणी ठराविक काळ त्रास झाला नाही तर परत विचार करतात. विचारायचं, आणि उत्तर ईमेलवर मागायचं.

पैशाचं गणित पण एक बघा. समजा बिल १०० चं आहे, वजावट (म्हणजे आधी तुम्ही स्वतः भरायची ठरलेली रक्कम) १० आणि तुमचा वाटा २० टक्के. आधी वजावट काढून मग टक्के लावले तर ७२ हातात येतात, आधी टक्के लावून मग वजावट काढली तर ७०. फार फरक नाही, पण खरी चलाखी वजावटीत असते: ती वर्षातून एकदा की प्रत्येक इजेला? कामाच्या कुत्र्याला वर्षात चार बारक्या जखमा होतात, दर वेळी वजावट कापली तर ती पॉलिसी मोठ्या ऑपरेशनशिवाय कधी उघडणारच नाही. मला स्वतःला मोठी वजावट, वर्षातून एकदाच कापली जाणारी, आणि वरची मर्यादा जास्त, हा प्रकार बरा वाटतो. पंजाला टाके मी माझ्या खिशातून घालेन.

आता त्या जनावरवाल्या टेबलाकडे, म्हणजे मृत्यू आणि चोरी. शेतीच्या विम्यात मेंढपाळीचं कुत्रं बऱ्याचदा जनावर म्हणून घालता येतं, आणि ज्यांच्याकडे शेत नाही त्यांच्यासाठी ब्रोकरमार्फत वेगळी मॉर्टॅलिटी पॉलिसी काढता येते. इथे पहिला वाद किंमतीचा. पिल्लू घेतलंत त्या किंमतीत आणि दोन वर्षांच्या ट्रेनिंगनंतरच्या किंमतीत कित्येक पटींचा फरक असतो, पण तुमच्याकडे पावती फक्त पिल्लाची असते. कंपनी म्हणते, बाकीची किंमत दाखवा. म्हणून 'ठरलेली किंमत' पॉलिसीवर छापून घ्यायची, 'त्या वेळची बाजारभावाची किंमत' नको, कारण मेलेल्या कुत्र्याचा बाजारभाव सिद्ध करायला लागणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहिती. आणि ठरलेली किंमत मिळवायला कागद लागतात: ट्रेनिंगचे तास, परीक्षेचे सर्टिफिकेट, क्लायंटचं कॉन्ट्रॅक्ट, त्याच लायकीचं कुत्रं विकत घ्यायचं तर काय पडेल याचं एखाद्या ट्रेनरचं पत्र, आणि कुत्र्याच्या कातडीखालच्या चिपचा १५ अंकी नंबर सगळ्या कागदांवर सारखा. मी एकदा एका सहीच्या कागदावर शेवटचे दोन आकडे उलटे लिहिले होते, आणि सहा आठवडे 'हा तोच कुत्रा कशावरून' यावर गेले.

लॉगबुक ठेवता का? नसाल तर आजपासून. आमच्याकडची एक ओळ अशी असते: तारीख, रात्री १० ते २, आवार ब, जमीन ओली, दोन शोध, पाणी १२ वाजता, पंजे तपासले, उजव्या पुढच्या पंजाला ओरखडा, धुतला. हँडलर सुरुवातीला कुरकुरतो. पण ही एक ओळ किंमतही सिद्ध करते, काळजीही सिद्ध करते, आणि कुत्रा अमुक दिवसापर्यंत ठणठणीत होता हे पण.

दुसरी गोष्ट, आणि ही कृपा करून हँडलरला पाठ करून ठेवायला सांगा. मृत्यूच्या पॉलिसीत साधारण अट असते की जनावर आजारी किंवा जखमी झालं की लगेच कळवायचं, आणि त्याला दयामरण द्यायचं असेल तर आधी कंपनीची संमती घ्यायची. अपवाद एवढाच, की यातना असह्य आहेत आणि थांबणं अमानुष आहे असं डॉक्टरने लिहून दिलं. शिवाय पोस्टमॉर्टेम मागू शकतात. माझ्या ओळखीतल्या एकाने, बिचाऱ्याचं कुत्रं रात्री दोनला गेलं, त्याने पहाटे स्वतः खड्डा खणून पुरलं, दिवा लावला, आणि तीन दिवसांनी रडून झाल्यावर कंपनीला फोन केला. काहीही मिळालं नाही. त्याची चूक काय होती सांगा, माणूस दुःखात फॉर्म वाचत नाही. म्हणून आमच्या केनलच्या दारावर आतून कागद चिकटवलाय: पॉलिसी नंबर, चोवीस तास चालणारा फोन नंबर, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'पुरण्याआधी फोन'. कंपन्या एवढ्या कडक का, तर त्यांना भीती असते की काम न करणारं विम्याचं कुत्रं मालकाला जिवंतपेक्षा मेलेलं जास्त परवडतं. ऐकायला घाण वाटतं, पण त्यांनी घोड्यांच्या बाबतीत हे बघितलेलं आहे.

तिथूनच चौथ्या नुकसानाकडे, कुत्रा जिवंत पण निकामी. हे कव्हर असतं, पण दुर्मिळ आणि महाग, आणि 'निकामी' कोणी ठरवायचं यावर सगळी मारामारी. शोधकामाची कुत्री नाकाने चालतात, नाकाचा एक्स-रे निघत नाही. 'तिला आता कामात रस राहिला नाही' हे कुठलीच कंपनी मान्य करत नाही, 'अमुक इजेमुळे अमुक हालचाल कायमची अशक्य' हे मान्य होऊ शकतं. मी हे कव्हर फक्त एकदा घेतलं होतं, एका क्लायंटने अट घातली म्हणून. तुम्हाला सुचवणार नाही.

आता मूळ मुद्दा, शीर्षकात लिहिलाय तो. कुठल्याही टेबलावर गेलात तरी प्रपोजल फॉर्मवर, म्हणजे विमा मागायच्या अर्जावर, 'वापर' किंवा 'उपयोग' असा एक रकाना असतो, कधी नुसता टिक करायचा चौकोन. तुमचा सगळा विमा त्या रकान्यात आहे. तिथे 'वर्किंग डॉग' एवढंच लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही, आणि न कळलेल्या शब्दाचा अर्थ क्लेमच्या वेळी त्यांच्या सोयीने लागतो. कुत्र्याचा दिवस लिहा. तुमच्या मॅलिनॉइजसाठी मी असं लिहीन: 'हा कुत्रा आठवड्यात पाच रात्री, प्रत्येकी चार तास, प्रशिक्षित हँडलरबरोबर पट्ट्यावर औद्योगिक आवारात मोबदल्यासाठी गस्त घालतो. त्याला पकडण्याचं आणि सोडण्याचं ट्रेनिंग आहे. महिन्यातून दोनदा बाहीवर सराव होतो. कामावर गाडीतून पिंजऱ्यात नेला जातो. सुट्टीच्या दिवशी हँडलरच्या घरी राहतो, घरात लहान मूल आहे.' लहान मुलाचं पण लिहा, हो. चौकोनात मावत नसेल तर वेगळा कागद जोडा आणि फॉर्मवर 'सोबत जोडलेला कागद बघा' लिहा, आणि पॉलिसी आल्यावर त्या कागदाचा उल्लेख तिच्यात आहे का बघा. नसेल तर परत पाठवा. मी दोनदा परत पाठवलीये, दोन्ही वेळा कुरकुर करत दुरुस्त करून दिली.

हे सगळं सांगण्याची जबाबदारी तुमची आहे आणि ती जुनी आहे. १७६६ साली लंडनच्या कोर्टात लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे सुमात्रातल्या एका किल्ल्याच्या विम्याचा खटला आला होता, गव्हर्नरने किल्ल्याचा विमा काढला, फ्रेंचांनी किल्ला घेतला, विमा देणारा म्हणाला किल्ला कमजोर होता हे मला सांगितलं नाही. 'धोक्याबद्दल जे फक्त विमा काढणाऱ्याला माहिती आहे ते त्याने सांगितलंच पाहिजे' हे तत्त्व तिथून पक्कं झालं. गंमत म्हणजे खटला गव्हर्नरच जिंकला, कारण मॅन्सफिल्ड म्हणाले की विमा देणाऱ्याला जे माहिती आहे किंवा असायलाच हवं ते वेगळं सांगायची गरज नाही. तुम्ही या दुसऱ्या भागावर विसंबू नका. काही देशांनी साध्या ग्राहकासाठी हा नियम मऊ केलाय, ब्रिटनमध्ये २०१२ च्या कायद्याने ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नांची काळजीपूर्वक खरी उत्तरं दिली की पुरतं, पण धंद्यासाठी घेतलेल्या विम्याला तिथेही २०१५ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात स्वतःहून नीट मांडणी करायची जबाबदारी तुमचीच. आणि गस्त घालणारा कुत्रा म्हणजे धंदा. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते ब्रोकरला विचारा.

ब्रोकर म्हणालो म्हणून, शोधायचं कुठे. ऑनलाईन तुलना करणाऱ्या साईट सोडून द्या, त्यांच्याकडे तो 'वापर' रकानाच नसतो. तुमच्या धंद्याचा विमा जो ब्रोकर बघतो त्याच्यापासून सुरुवात करा, त्याला लायबिलिटीची एन्डॉर्समेंट जमली पाहिजे. मृत्यू आणि चोरीसाठी घोडे आणि गुरांचा विमा करणारा ब्रोकर शोधा, त्याला प्राणी कळतो. दवाखान्यासाठी पेट कंपन्यांनाच विचारा पण फोनवर नाही, 'वापर' रकान्यासाठी वर लिहिलेला कुत्र्याच्या कामाचा मजकूर चिकटवून ईमेल करा आणि एकच प्रश्न विचारा: 'असं काम करत असताना झालेली इजा या पॉलिसीत देय आहे का?' हो किंवा नाही. गोल गोल उत्तर आलं तर नाही समजा. आणि तुमच्या प्रकारच्या कुत्र्यांचा क्लब किंवा संघटना असेल तर त्यांच्याकडे ग्रुप स्कीम असते का बघा, एकट्याला नाकारणारी कंपनी पन्नास कुत्र्यांना कधीकधी हो म्हणते.

म्हणजे क्रम असा: लायबिलिटी आधी, लेखी, चावणाऱ्या कुत्र्यासकट. मग मॅलिनॉइजचा दवाखाना, मोठी वजावट, कामासह, कापलेला पाय वगळून का होईना. मग त्याच्या ट्रेनिंगची किंमत ठरवून मृत्यू-चोरी, हप्ता परवडला तर.

लॅबचं वेगळं सांगतो. सात वर्षांची शोधकामाची कुत्री, म्हणजे कामाची अजून दोन-तीन वर्षं. या वयात नवीन पॉलिसीत हप्ता चढतो, तुमचा वाटा वाढतो, मृत्यूची किंमत बऱ्याच ठिकाणी दरवर्षी उतरत जाते, आणि खुब्याचे, कोपराचे जे काही सांध्यांचे त्रास लॅबला होतात ते कागदांत आधीच असतात. मी तिच्यासाठी नवीन दवाखान्याची पॉलिसी घेणार नाही. जुनी पॉलिसी जर 'फक्त काम करताना झालेली इजा नाही' एवढीच वगळत असेल तर ती चालू ठेवा, घरी झालेला आजार त्यात येतो आणि म्हाताऱ्या कुत्रीला आजारच जास्त होतात, आणि मधे खंड पडू देऊ नका, खंड पडला की सगळं 'आधीचं' होतं. कामावरच्या इजेसाठी वेगळं खातं उघडा, जो हप्ता नवीन कंपनीने सांगितला असता तोच दर महिन्याला तिथे टाका, आणि ते खातं फर्मच्या रोजच्या खर्चाला लावू नका. आमच्याकडे सगळ्या म्हाताऱ्या कुत्र्यांचं असंच एक खातं आहे, त्यातून आत्तापर्यंत दोन पीळ आणि एक डोळा भागलाय.

आणि ते नाकारलेल्या क्लेमचं. अपील करा, एकदा तरी. फोनवर पॉलिसी घेतली होती म्हणता, तर त्या कॉलचं रेकॉर्डिंग लेखी मागा. तुम्ही तेव्हा 'गोदामावर असतो' असं म्हणालेले असाल आणि समोरचा 'चालेल सर' म्हणाला असेल, तर चित्र वेगळं आहे. रेकॉर्डिंग आलं की इथे परत लिहा, पत्र कसं लिहायचं ते बघू.